बाल्कांवातील फुटबॉल

नर्मदाकाठचे नेमावर हे पूर्वी होळकरांच्या संस्थानातले. त्या मुलखात जुन्या माणसापाशी क्रिकेटचा विषय निघाला, की आजचे खेळाडू बाजूला राहतात आणि होळकर संघाची कथा सुरू होते. सी. के. नायडूंचा करारीपणा, मुश्ताक अलींचे पुढे सरसावून चेंडू टोलावणे, चंदू सरवट्यांची फिरकी यांचे वर्णन असे चालते की, ऐकणाऱ्याला वाटावे सामना काल संध्याकाळी संपला. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंतच्या आठ हंगामांत या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५४-५५ च्या हंगामानंतर, संस्थानामागोमाग, त्याचे नावही मिटले. संघ गेला, पण त्याच्याविषयीचा वाद काही मिटला नाही.

या होळकर संघातून एक गोरा शिपाईही खेळून गेला. डेनिस कॉम्प्टन त्याचे नाव. युद्धाच्या काळात तो महूच्या छावणीत नेमणुकीवर होता. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांचा पराभव झाला खरा. परंतु कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या. क्रिकेटच्या वाचकांस हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, हाच मनुष्य लंडनच्या आर्सेनल संघाचा फुटबॉलपटू होता आणि १९५० साली त्या संघाने इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला तेव्हा तोही मैदानात होता. माळव्यात त्याची आठवण बॅटीवरून निघते, लंडनला चेंडूला लाथ मारण्यावरून. मनुष्य एकच, पण त्याला आठवणाऱ्यांची घरे दोन.

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे नातलग गोव्यात आहेत, त्यांना अशा दुसऱ्या घराची चांगली ओळख असेल. गोव्यातील ख्रिस्ती घराच्या पुढल्या अंगास, पायऱ्या चढताच, दोन्ही बाजूंना बसावयास ओटे असलेला जो देवडीवजा भाग असतो, त्यास बाल्कांव म्हणतात. दिवस कलला, जपमाळ आटोपली, की या ओट्यांवर शेजारी जमतात. पाऊस, नारळाचा भाव, परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र किंवा फोन, एवढे विषय भराभर उरकतात. आणि मग फुटबॉल निघतो. हा आजचा फुटबॉल नव्हे. धेंपो, साळगांवकर, वास्को, सेसा अशा क्लबांतून पूर्वी खेळून गेलेल्या माणसांचा फुटबॉल. गावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारपेठेच्या चौकात, हाच विषय अधिक मोठ्या आवाजात चालतो. तेथे फेणीचा पेला जवळ असतो, हे त्याचे एक कारण.

हा खेळ गोव्यात कोणी आणला, हे आमच्या पत्राच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो पलटणीने आणला नाही की व्यापाऱ्याने आणला नाही; तो एका धर्मगुरूने आणला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे १८८३ साली प्रकृती सुधारण्यासाठी बार्देशातील शिवोली या गावी येऊन राहिले. हवापालटासाठी आलेल्या मनुष्याने निवांत बसावे, अशी अपेक्षा असते. फादरांनी पोरे गोळा केली आणि त्यांच्यापुढे चेंडू टाकला. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेशी त्यांचे नाव जोडले गेले आणि शाळेतून हा खेळ गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की रिकामे झालेले शेत हेच मैदान. खुंट पायाला टोचत, आणि गोलाच्या जागी दोन दगड वा दोन चपला. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेतही खेळ चाले. मिस्सा संपल्यावर धर्मगुरूंनी झगा सावरून पंचाचे काम करावे, यात कोणाला नवल वाटत नसे. पंचाशी हुज्जत घालण्याची गोव्यातील प्रेक्षकांची खोड मात्र जुनीच. पंच झग्यात असला, तर ती हुज्जत थोडी हळू आवाजात होई, इतकेच.

क्लबांचे दिवस आले ते १९५० नंतर. खाणींतून लोखंडाचे खनिज परदेशी जाऊ लागले, खाणमालकांकडे पैसा आला आणि त्यांनी आपापले संघ उभे केले. साळगांवकर क्लब १९५६ सालचा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि नंतर या संघांना मुंबई, कलकत्ता, दिल्ली येथील स्पर्धांची दारे खुली झाली. खेळाडूला बहुधा त्या कंपनीतच नोकरी मिळे. सकाळी कचेरीत किंवा गोदीवर काम, संध्याकाळी सराव, आणि खेळण्याचे वय सरले तरी पगार चालू. त्या काळी गरीब घरच्या मुलाला यापरती मोठी शाश्वती नव्हती. आईबापांनी 'चेंडूमागे धावून पोट भरते काय' असे विचारणे त्यामुळेच हळूहळू बंद झाले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर बाल्कांवातील थट्टा परक्या माणसास निर्दय वाटेल. मोठ्या शहरात खेळाडू हा वर्तमानपत्रातील छायाचित्र असतो. गोव्यात तो कोणाचा तरी मावसभाऊ असतो, कोणाचा तरी धर्मपुत्र, किंवा निदान शेजारच्या वाड्यावरचा. ज्याने शेवटच्या मिनिटास पेनल्टी बाहेर मारली, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या सायकलीमागे त्याच रस्त्यावर उभा दिसतो. म्हणून बोलणारा जे बोलतो, ते परक्याविषयी बोलत नाही. घरच्या माणसाची खोड काढावी तसे बोलतो. संवाद कोंकणीत चालतो. मराठीत आणल्यावर त्यातील निम्मे मीठ गळून पडते, तरी वानगी म्हणून थोडा देतो.

'तुमचा तो बॅक! चेंडू पुढून गेला तर तो माणूस अडवायचा, आणि माणूस गेला तर चेंडू.'

'निदान दोघांतला एक तरी अडवायचा, पात्रांव. तुमचा तर दोघांनाही वाट करून द्यायचा.'

'आमच्याने वाट दिली, कारण मागे गोलरक्षक होता. तुमच्या गोलरक्षकाच्या हाती फेस्ताच्या मिरवणुकीत मेणबत्ती दिली असती, तरी ती निसटली असती.'

असे तास-दीड तास चालते. कोणी रागावून उठून गेला, तर तो पाणी पिऊन परत येतो. वय वाढेल तसा गोलही वाढत जातो, हा या सभेचा अलिखित नियम. २० यार्डांवरून मारलेला गोल दहा वर्षांनी ३० यार्डांवरून मारलेला होतो, आणि नातवंडांना सांगताना तर चेंडू थेट मध्यरेषेवरून उडतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या सामन्याला खरोखरच हजर असतो. पण तोही मान हलवतो, कारण पुढची पाळी त्याची असते.

अशा सभेत ज्या माणसाच्या नावाला सर्व क्लबांचे लोक मान देतात, तो म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावच्या या गोलरक्षकाने आपल्या खेळाची बहुतेक वर्षे साळगांवकर क्लबात घालवली आणि १९८० नंतरच्या काळात भारताच्या संघाचे नेतृत्वही केले. संतोष चषक ही त्या काळची राज्याराज्यांतील सर्वांत मानाची स्पर्धा. १९८२-८३ साली गोव्याने ती बंगालबरोबर संयुक्तपणे जिंकली, आणि पुढच्याच वर्षी मद्रास येथे पंजाबला हरवून एकट्याने जिंकली. त्या मद्रासच्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत जाळे कोरे! १९९७ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. बाल्कांवातील धेंपोवाला एरवी साळगांवकराच्या कोणाचेही नाव सुखासुखी ऐकून घ्यावयाचा नाही. ब्रह्मानंदाचे नाव निघताच मात्र तो म्हणतो, 'तो साळगांवकराचा नव्हे, तो गोव्याचा.' समोरचाही मग हट्ट धरत नाही. ख्रिस्ती म्हाताऱ्यांनी एका हिंदू गोलरक्षकाचा असा अभिमान बाळगावा, यात गोव्याच्या लोकांना काहीच विशेष वाटत नाही. आम्हांलाही वाटू नये.

मुंबईतही ही सभा भरत असे, आणि तिचे घर म्हणजे कूड. वाचकांपैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा बोटीवर नोकरीला जाताना कुडीत राहिले असतील. गोव्यातील प्रत्येक गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी भाड्याची खोली घेऊन ठेवलेली असे; भिंतीशी ओळीने पेट्या, एका बाजूस गावच्या पालक संताची वेदी, आणि संध्याकाळी जपमाळेस सर्वांनी हजर राहण्याचा दंडक. धोबी तलावावरील जेर महाल या इमारतीत अशा कितीतरी कुडी एकावर एक होत्या. तेथून कूपरेज मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. रोव्हर्स चषकाचे सामने तेथेच होत. ही स्पर्धा १८९१ पासूनची, देशातील अत्यंत जुन्या स्पर्धांपैकी एक. १९७८ साली धेंपो क्लबाने रोव्हर्स चषक जिंकला तेव्हा कुडीतील खलाशांना आपलेच गाव मुंबईत येऊन जिंकून गेल्यासारखे वाटले असेल, तर त्यात अतिशयोक्ती नाही. पुढील वर्षी धेंपोने तो पुन्हा जिंकला. बोटीवर असल्यामुळे तो सामना ज्यांना पाहावयास मिळाला नाही, त्यांनी तो आयुष्यभर इतरांच्या तोंडून पाहिला, आणि काही वर्षांनी आपण स्वतः पाहिल्याप्रमाणे सांगितला. त्यांना खोटे म्हणणे आमच्या जिवावर येते.

मुंबईकर गोमंतकीयांची खरी दौलत म्हणजे नेव्हिल डिसोझा. जन्म बार्देशातील आसगावचा, १९३२ चा. खेळ मुंबईत फुलला, टाटा आणि कॅल्टेक्स या संघांतून. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न येथील ऑलिम्पिक सामन्यांत भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरवले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा आशियातील हा पहिला खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यानेच केला. नंतर त्या संघाने चार गोल करून भारतास मागे टाकले. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नेव्हिलचे नाव बरोबरीने पहिले होते, आणि भारत चौथा होता. त्यानंतर भारताच्या फुटबॉल संघाने ऑलिम्पिकमध्ये तेवढी उंची पुन्हा गाठलेली नाही.

आता प्रश्न असा की, या मनुष्याचे नाव आज कोणाच्या तोंडी आहे? १९८० साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, तो वारला. शाळेच्या पुस्तकात हॉकीचे ध्यानचंद आहेत, क्रिकेटचे तर विचारूच नका. नेव्हिलचे तीन गोल मुख्यतः कुडींतून आणि बाल्कांवांतून जिवंत राहिले. ज्यांनी ते सांगितले, त्यांपैकी बहुतेकांनी मेलबर्न नकाशातच पाहिले होते. तीच गोष्ट कोलवाळच्या फॉर्च्युनातो फ्रँको यांची. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. त्या संघाच्या मधल्या फळीत फ्रँको होते. २०२१ च्या मे महिन्यात महामारीच्या धामधुमीत ते गेले. लोकांना एकत्र जमून चार शब्द बोलण्याचीही तेव्हा मुभा नव्हती. ज्या गावांत एखाद्या खेळाडूची बढाई आणि थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेथे त्याची अंत्ययात्रा इतकी मूकपणे निघावी, हे त्या वर्षीच्या अनेक दुःखांपैकी एक.

म्हणून या रिकामटेकड्या वाटणाऱ्या गप्पांकडे आम्ही आदराने पाहतो. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा लिहिला जातो, विवाह लिहिला जातो, दफन लिहिले जाते. कोणी कोणत्या साली डाव्या पायाने गोल केला, हे लिहिणारे दप्तर नाही. कंपनीच्या कपाटात चषक असतात. पण चषकावर क्लबाचे नाव कोरलेले असते, राखीव बाकावर बसून राहिलेल्या मुलाचे नव्हे. त्याचे नाव बाल्कांवातील एखाद्या म्हाताऱ्यालाच ठाऊक, आणि तेही थट्टेच्या रूपाने: 'हंगामभर त्याने बाक इतके गरम केले, की पुढच्याला अंडे ठेवून उबवता आले असते.' हसे होते खरे. पण नाव राहते.

थट्टेचा कळस गाठला तो १९९७ साली, साळगांवकरवाल्यांनी. त्या वर्षीच्या फेडरेशन चषकात कलकत्त्याचे दोन बलाढ्य संघ, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, उपान्त्य सामन्यात समोरासमोर आले. १३ जुलै रोजी सॉल्ट लेक मैदानावर १,३१,००० प्रेक्षक जमले. आपल्या देशात एवढी गर्दी कोणत्याही खेळाच्या सामन्याला क्वचितच झाली असेल. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला, आणि कलकत्त्याने चषक आपलाच धरून चालले. अंतिम सामना उरला होता तो गोव्याहून आलेल्या साळगांवकरशी. ब्रुनो कुतिन्होच्या साळगांवकर संघाने तो २-१ असा जिंकला. कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा माशाचा भाव चढतो, आणि मोहन बागान जिंकला की कोळंबीचा, असे म्हणतात. बाल्कांवातले म्हणतात, त्या रात्री कलकत्त्यात बांगडा महाग झाला. दोन वर्षांनी, १९९८-९९ च्या हंगामात, राष्ट्रीय लीग जिंकणारा साळगांवकर हा गोव्याचा पहिला क्लब ठरला. २००१ चा अर्जुन पुरस्कार ब्रुनोला मिळाला. धेंपोच्या लोकांना हे सगळे मुकाट्याने ऐकावे लागे. मात्र फार दिवस नव्हे. आर्मांदो कुलासो यांच्या शिकवणीखाली धेंपोने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत देशाचे अजिंक्यपद पाच वेळा जिंकले, आणि मग बाल्कांवातील ओट्याची मधली जागा त्यांची झाली.

स्त्रिया या सभेत नसतात, असे कोणी समजू नये. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू असतो आणि मधूनच आतून एक वाक्य येते, 'तो गोल त्याने नव्हता मारला, त्याच्या धाकट्या भावाने मारला होता,' आणि बाहेर अर्धा मिनिट शांतता पसरते. ज्या गोव्यातून योलांडा डिसोझा भारताच्या महिला संघापर्यंत पोहोचल्या, तेथे हे असेच असणार.

परंतु एक विषय असा आहे की, तो निघाला म्हणजे थट्टा थांबते. ५ डिसेंबर २००४. बंगळुरात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, धेंपो आणि मोहन बागान यांच्यात. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसरा गोल करताना पुढे धावत आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, आणि ज्युनियर कोसळला, तो पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. धेंपोने सामना २-० असा जिंकला, चषक मिळाला, आणि तो कोणाला नकोसा झाला. क्लबाने त्याचा १० क्रमांकाचा सदरा पुढे कोणाला न देण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी धेंपोने प्रथमच राष्ट्रीय लीग जिंकली. त्या विजयाच्या गोष्टी सांगतानाही म्हातारे मध्येच गप्प होतात. कोण कुठला ब्राझीलचा मुलगा, काही महिने येथे खेळला. पण गावोगावच्या घरांत त्याच्यासाठी प्रार्थना झाली असेल, तर ती घरच्या माणसासाठी करावी तशीच.

गोलरक्षक होता सुब्रत पाल, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा पोरगा. देशभर त्याला दोष देणारे पुष्कळ निघाले. मुद्दाम केले, असेही बोलले गेले. रागाच्या भरात माणूस जे बोलतो, त्याला थट्टा म्हणत नाहीत. आणि एरवी कोणाचीही टोपी उडवणाऱ्या जिभेची पारख अशाच वेळी होते. एका आईचा मुलगा गेला होता. दुसऱ्या आईचा मुलगा जन्मभर ते ओझे घेऊन जगणार होता. आमच्या मते, ज्या कोणा म्हाताऱ्याने त्या वेळी 'पोर आहे ते, सोडा' एवढे म्हटले असेल, त्याने त्या वर्षीच्या कोणत्याही गोलापेक्षा मोठे काम केले. पुढे हाच सुब्रत पाल भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला. २०११ साली दोहा येथील आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, तरी दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने अडवलेल्या फटक्यांची वाखाणणी परक्यांनीही केली. त्या फटक्यांना गोव्यातील बाल्कांवातून टाळी मिळाली की नाही, याची नोंद कोठे नाही. मिळाली असावी, अशी आमची समजूत आहे.

थट्टेविषयी आणखी एक बोलणे प्राप्त आहे. जुन्या खेळाडूच्या गुडघ्यावर हसावे, सुटलेल्या पोटावर हसावे, हुकलेल्या पेनल्टीवर तर हसलेच पाहिजे. परंतु खेळ संपल्यावर जो व्यसनात बुडाला, किंवा ज्याच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, त्याच्यावर हसण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती आम्हांला पसंत नाही. कंपनीची नोकरी ज्यांना लाभली, त्यांचे बरे झाले. ज्यांना लाभली नाही, असेही पुष्कळ होते. गावासाठी ज्याने घोटा मोडून घेतला, त्याला सणाच्या जेवणाला बोलावणे गावास जड नाही. जेवणाच्या पंक्तीस तो असला, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची थट्टा करता येते, आणि तोही उलट दोन शब्द सुनावू शकतो. पाठीमागे केलेल्या थट्टेत तेवढी सोय नसते.

अलीकडे या सभेवर निराळेच संकट आले. २०१४ साली एफ. सी. गोवा हा नवा संघ उभा राहिला. दूरचित्रवाणी, रोषणाई, परदेशी प्रशिक्षक, सगळा थाट. त्याचे यशही खरे आहे: २०२१ साली आशियातील चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत खेळणारा तो भारताचा पहिला क्लब ठरला. परंतु २०१६ साली, देशातील लीगच्या फेररचनेचा बेत न पटल्यामुळे, साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. ते गोव्यातील स्पर्धा खेळत राहिले, तरुणांना शिकवत राहिले. पण कलकत्त्यास जाऊन बांगडा महाग करण्याचे दिवस संपले. फातोर्ड्याच्या मैदानावर जे नातू नव्या संघाचा नारिंगी सदरा घालून ओरडतात, त्यांना आजोबांचे निम्मे वाक्य कळत नाही. नातू म्हणतो, 'आजोबा, त्याचा गोल दाखवा.' आजोबांजवळ दाखवायला काही नाही. चित्रफीत नाही, छायाचित्र असलेच तर एखादे पिवळे पडलेले कात्रण. मग ते उठतात, ओट्याखाली उतरतात, डावा पाय मागे घेतात आणि चेंडू नसताना लाथ मारून दाखवतात. नातू हसतो. आतून आवाज येतो, 'कंबर धरेल, वर या!'

२०२४-२५ च्या हंगामात धेंपो क्लब नऊ वर्षांनी पुन्हा आय लीगमध्ये उतरला. संघातील बहुतेक पोरे स्थानिक. पहिल्याच सामन्यांपासून बाल्कांवात त्यांची जुन्यांशी तुलना सुरू झाली. कोणी म्हणाला, हा नवा हाफ थेट क्लायमॅक्स लॉरेन्ससारखा धावतो. तोच क्लायमॅक्स, ज्याने २००८ साली हैदराबादेत अफगाणिस्तानविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी गोल करून भारताला जिंकून दिले होते. समोरच्या ओट्यावरून साळगांवकरवाला म्हणाला, क्लायमॅक्ससारखा म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत तो दिसतच नाही, असे म्हणावयाचे आहे काय? त्यावर धेंपोवाल्याने चष्मा काढून पुसला, आणि १९७८ च्या रोव्हर्स चषकापासून सुरुवात केली.